सिफिलीस, चेहऱ्या-डोळ्याच्या नसा आणि डोक्याचा एमआरआय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सिंधुदुर्गात एमआरआय मशीनवर टेक्निशियन म्हणून काम करतो. रिपोर्ट मी लिहीत नाही, तो रेडिओलॉजिस्ट डॉक्टर लिहितात, पण पेशंट कपडे बदलताना, सुई लावताना, बाहेर बाकड्यावर वाट बघताना जे विचारायचं ते मलाच विचारतात आणि बरेचदा हळू आवाजात विचारतात. सिफिलीसचं नाव निघालं की तर आवाज आणखीनच खाली जातो. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहिलीयेत, आमच्या डॉक्टरांकडून समजून घेऊन. औषधाचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांचाच.

सिफिलीस म्हणजे गरमी ना? ती तर खालच्या भागाची, तिचा डोक्याशी काय संबंध?

हो, आपल्याकडे जुनी माणसं गरमी म्हणतात, पुस्तकात उपदंश, शरीरसंबंधातून पसरणारा आजार. जंतू एकच, ट्रेपोनेमा पॅलिडम, स्प्रिंगसारखा वळणदार, १९०५ साली जर्मनीत शाउडिन आणि हॉफमन यांनी तो शोधला. सुरुवात एका न दुखणाऱ्या जखमेने होते आणि घोळ तिथेच होतो, दुखत नाही म्हणून कोण दाखवत नाही आणि ३ ते ६ आठवड्यांत ती आपोआप भरते. मग काही दिवसांनी अंगावर, तळहातावर, तळपायावर पुरळ, बरेचदा खाजही नसते, तेही जातं. माणसाला वाटतं सुटलो. पण जंतू तोपर्यंत रक्तातून सगळीकडे फिरलेला असतो, मेंदूभोवतीच्या पाण्यातसुद्धा, आणि हे अगदी पहिल्या काही महिन्यांत होऊ शकतं. डोक्यापर्यंत पोचायला पंचवीस वर्षं लागतात असं जे डोक्यात बसलंय ते अर्धवट खरं आहे. नसांचा आणि मेंदूच्या आवरणाचा त्रास बहुतेक वेळा पहिल्या एकदोन वर्षांत दिसतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या बंद होऊन पॅरालिसिस साधारण ५ ते १२ वर्षांनी, आणि स्मरण जाणं, स्वभाव बदलणं, चालताना पाय आपटत टाकणं हे त्याहून उशिरा.

कुठल्या नसा जातात?

मेंदूच्या तळातून नसांच्या १२ जोड्या निघतात, कवटीच्या भोकांतून बाहेर येतात आणि डोळे, चेहरा, कान, जीभ, घसा चालवतात. या सगळ्या नसा जिथून जातात त्या तळाच्या आवरणालाच हा जंतू सूज आणतो, म्हणून एकाच वेळी दोनतीन नसा धरल्या जाऊ शकतात. जास्त करून सातवी म्हणजे चेहऱ्याची, आठवी म्हणजे ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची, आणि दुसरी म्हणजे नजरेची. तिसरी, सहावी गेली की डोळा फिरत नाही, एकाचे दोन दिसतात.

बाबांचं तोंड वाकडं झालंय. गावात म्हणतात वारं गेलं, तेल लावा. एमआरआय खरंच लागतो का?

नुसतं एका बाजूचं तोंड वाकडं, बाकी काही नाही, अचानक झालेलं, तर बहुतेक वेळा तो बेल्स पाल्सी, म्हणजे चेहऱ्याच्या एकाच नसेला अचानक आलेली सूज, असतो आणि तो गोळ्यांनी आठवड्या-महिन्यांत सुधारतो, प्रत्येकाला स्कॅन लागत नाही. पण पहिल्या दिवशी डॉक्टरने बघितलंच पाहिजे, कारण हातपाय लुळा, बोलणं अडखळतंय, असं काही बरोबर असेल तर तो स्ट्रोक असू शकतो आणि तिथे तासांचा हिशोब असतो. तेल लावून दोन दिवस थांबायचं नाही, एवढं माझं ऐका.

एमआरआयकडे डॉक्टर वळतात ते अशा वेळी: दोन्ही बाजू एकदम गेल्या, चेहऱ्याबरोबर ऐकू येणं कमी झालं, नजर धूसर झाली, डोकं सतत दुखतंय, महिने गेले तरी सुधारणा नाही, किंवा एकदा बरं होऊन पुन्हा झालं. दोन्ही बाजूंचा चेहरा जाणं हे साधं प्रकरण क्वचितच असतं.

आणि अजून एक, आपल्याकडे कुष्ठरोगातही चेहऱ्याची नस धरली जाते, डोळा मिटत नाही. डॉक्टर कातडीवरचे चट्टे आणि कोपराजवळची नस चाचपून बघतात ते त्यासाठी, घाबरून जाऊ नका, बघू द्या.

सीटी स्कॅन तालुक्याला होतो, तो करून भागणार नाही का? एमआरआयला ओरोस नाहीतर गोवा गाठावं लागतं.

तुमची धावपळ मला कळते, देवगडच्या टोकावरून पावसाळ्यात पेशंट घेऊन येणं म्हणजे अख्खा दिवस जातो. सीटी लवकर होतो, रक्तस्राव, हाड, मोठी गाठ, मेंदूत पाणी साचलंय का हे चांगलं सांगतो, म्हणून इमर्जन्सीत तो आधी करतात आणि ते योग्यच आहे. पण कवटीतल्या नसा म्हणजे दोऱ्यासारख्या बारीक, त्या सीटीत नीट दिसत नाहीत. नसेचा प्रश्न असेल तर एमआरआयच.

मात्र तुम्ही येणारच आहात तर येण्याआधी दोन गोष्टी बघा. कागदावर ‘कॉन्ट्रास्टसहित’ लिहिलंय का, आणि किडनीचा क्रिएटिनिन रिपोर्ट बरोबर आहे का. माझ्यासमोर किती वेळा झालंय, माणूस ७० किलोमीटरवरून आलाय, कागदावर फक्त ‘एमआरआय ब्रेन’, साधा स्कॅन झाला, आणि आठवड्याने तोच माणूस कॉन्ट्रास्टसाठी परत. चूक कुणाचीही असो, हाल पेशंटचे.

कॉन्ट्रास्ट म्हणजे काय, त्याशिवाय चालत नाही का?

गॅडोलिनियम नावाच्या धातूचं औषध असतं, हाताच्या शिरेतून देतात. निरोगी नसेत ते सहसा झिरपत नाही, कारण मेंदूची आणि नसांची एक गाळणी असते जी बाहेरचं आत येऊ देत नाही. सूज आली की ती गाळणी फाटते, औषध आत मुरतं आणि ती जागा फोटोत पांढरी चमकते. सिफिलीसमध्ये आम्हाला नेमकं हेच शोधायचं असतं: नस जाड झालीय का, चमकतेय का, आणि मेंदूच्या तळाचं आवरण चमकतंय का. कॉन्ट्रास्ट नसेल तर सुजलेली नसही साध्या फोटोत सरळ दोऱ्यासारखी दिसून निसटते.

इथे एक बारकावा आहे जो मला फार उशिरा कळला. चेहऱ्याची नस कानाच्या हाडातून वळणं घेत जाते, आणि त्या मधल्या काही वळणांवर ती निरोगी माणसातही थोडी चमकते, कारण भोवती बारीक शिरांचं जाळं असतं. पण मेंदूतून निघाल्यावर पाण्यातला भाग आणि आतल्या कानाच्या नळीतला भाग चमकला तर ते नॉर्मल नाही. म्हणून रिपोर्टमध्ये नुसतं ‘नस चमकते’ वाचून गूगल करू नका, कुठल्या भागात चमकते हे महत्त्वाचं, ते डॉक्टरांना विचारा.

किडनी खूप कमजोर असेल तर गॅडोलिनियम देताना जपावं लागतं, म्हणून क्रिएटिनिन. गरोदर बाईला सहसा देत नाहीत, तसं असेल तर लाजू नका, आधी सांगा.

रिपोर्टमध्ये नेमकं काय काय दिसू शकतं?

नसा चमकणं आणि तळाचं आवरण चमकणं वर सांगितलं. त्याशिवाय रक्तवाहिन्यांना सूज येऊन त्या अरुंद होतात आणि मेंदूचा छोटा तुकडा मरतो, त्यासाठी डिफ्युजन नावाचा फोटो आणि अँजिओ काढतात, अँजिओत शिरा कुठे बारीक झाल्यात ते दिसतं. गमा नावाची गाठ होऊ शकते, ती बरेचदा आवरणाला चिकटून असते आणि पहिल्या नजरेत ट्यूमर वाटते. कधी कानशिलामागचा मेंदूचा आतला भाग पांढरा दिसतो आणि तो इतका हर्पिसच्या मेंदूज्वरासारखा असतो की नुसत्या फोटोवरून वेगळं करणं अवघड. जुन्या केसमध्ये मेंदू वयाच्या मानाने सुकलेला दिसतो.

म्हणजे एमआरआय बघून सिफिलीस आहे असं कळतं?

नाही. हे मी रोज सांगतो आणि इथेही ठासून सांगतो. फोटो सांगतो त्रास कुठे आहे आणि किती पसरलाय. कुठल्या जंतूने केलाय ते फोटोवर लिहिलेलं नसतं. तळाचं आवरण आणि नसा चमकण्याची कारणं भरपूर: आपल्या देशात पहिला संशय टीबीचा, मग सारकॉइड (अंगात सुजेच्या बारीक गाठी होणारा आजार), लिंफोमा (एक प्रकारचा कॅन्सर), दुसरीकडचा कॅन्सर आवरणात पसरणं, बुरशी. टीबीत बरेचदा मेंदूत पाणी साचतं, गाठी दिसतात, पण फोटोवरून शंभर टक्के कोणीच सांगू शकत नाही. म्हणून रेडिओलॉजिस्ट शेवटी चारपाच नावं लिहितात, ते टाळाटाळ करत नसतात, फोटोत जेवढं आहे तेवढंच लिहितात.

नाव ठरतं रक्तावर आणि पाठीतल्या पाण्यावर, म्हणजे मेंदूभोवतीचं तेच पाणी जे खाली मणक्यातही असतं. आणि माझा जीव तुटतो तो इथेच, कारण हजारो रुपयांचा स्कॅन होतो, पण व्हीडीआरएल ही सिफिलीसची रक्ताची तपासणी, जी सरकारी दवाखान्यात फुकट होते, ती कुणी सुचवलेलीच नसते. कधी डॉक्टरना वाटतं पेशंट काय म्हणेल, कधी पेशंटला वाटतं डॉक्टर काय समजतील. दोघंही संकोचात आणि मधल्या मधे माणसाचा कान जातो. आमच्याकडे एक पन्नाशीचे काका आले होते, आधी एक कान, मग दुसरा, मग चेहरा, वर्षभर कानाची औषधं चालू, तीन वेगवेगळ्या ठिकाणची फाइल. आतल्या कानाच्या नळीत दोन्हीकडे नसा चमकत होत्या. आमच्या डॉक्टरांनी रिपोर्टमध्ये व्हीडीआरएल आणि एचआयव्ही बघावं असं स्पष्ट लिहिलं, आणि पुढे तेच निघालं. चेहरा बराच सुधारला, कान एक थोडा आला, दुसरा आलाच नाही. वर्ष गेलं होतं ना.

एमआरआय नॉर्मल आला, मग सिफिलीस नाही असं समजायचं?

असं समजू नका. मेंदूत सिफिलीस असूनही एमआरआय अगदी स्वच्छ येऊ शकतो, विशेषतः लवकर केला तर. रक्त पॉझिटिव्ह आहे आणि नसेचं लक्षण आहे तर डॉक्टर पाठीतलं पाणी तपासतात आणि गरज वाटली तर उपचारही सुरू करतात. नॉर्मल रिपोर्ट हातात घेऊन लोक पेढे वाटत निघतात आणि पुढच्या तपासणीला जातच नाहीत, याची मला भीती वाटते.

रक्ताच्या तपासण्या दोनदोन का सांगतात?

कारण एकटी फसवू शकते. व्हीडीआरएल किंवा आरपीआर ही जंतूची थेट तपासणी नाही, शरीराने बनवलेल्या एका साधारण प्रतिक्रियेची आहे, त्यामुळे मलेरिया, कुष्ठरोग, गरोदरपण, काही सांध्यांचे आजार यातही ती उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. टीपीएचएसारखी तपासणी त्या जंतूसाठीच असते, ती खात्रीसाठी. उलटंही होतं, अँटिबॉडी खूपच जास्त असतील तर व्हीडीआरएल निगेटिव्ह येते, लॅबने रक्त पातळ करून पुन्हा केली की पॉझिटिव्ह. संशय पक्का असेल तर डॉक्टर लॅबला तसं कळवतात. जुन्या आजारात व्हीडीआरएल आपोआप निगेटिव्ह झालेली असू शकते, तिथे टीपीएचएच कामाला येते.

पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा होतो म्हणतात.

हे मी लहानपणापासून ऐकतोय. सुई कंबरेच्या खालच्या भागात टोचतात जिथे मणक्यातली मुख्य दोरी आधीच वर संपलेली असते, तिथे फक्त सुटे धागे पाण्यात तरंगत असतात. नंतर एकदोन दिवस डोकं दुखू शकतं, झोपून राहायचं, पाणी प्यायचं. पाण्यात पेशी, प्रोटीन आणि व्हीडीआरएल बघतात. पाण्यातली व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली आणि नमुन्यात रक्त मिसळलेलं नसेल तर निदान जवळजवळ पक्कं, पण निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही असं नाही, ती बऱ्याच जणांत निगेटिव्ह येते. डोक्यात दाब खूप असेल किंवा मोठी गाठ असेल तर सुई धोक्याची, म्हणून संशय असला की आधी स्कॅन.

नुसता कानाचा किंवा नुसता डोळ्याचा सिफिलीस असेल, बाकी नसा ठीक असतील, तर डॉक्टर कधीकधी पाठीतलं पाणी न काढताही थेट औषध सुरू करतात. तेव्हा आमचं पाणी का काढलं नाही म्हणून भांडू नका.

मशीनमध्ये जाण्याआधी काय काळजी घ्यायची?

धातू. मंगळसूत्र, जोडवी, हेअरपिन, सेफ्टीपिन, कमरेचा करगोटा, दंडातला तांब्याचा ताईत, सगळं बाहेर. वहिनी-काकूंना मंगळसूत्र काढायला जड जातं, मी समजू शकतो, जवळच्या माणसाच्या हातात द्या, वीस-तीस मिनिटांचा प्रश्न, कॉन्ट्रास्ट असेल तर पाऊण तास. कवळी काढा, तिच्यातल्या तारेने नेमका चेहऱ्याजवळचा फोटो बिघडतो. पेसमेकर, कानात ऑपरेशन करून बसवलेलं मशीन, मेंदूतल्या शिरेची क्लिप, हे असेल तर दारातच सांगा. पायात रॉड असेल तर बहुतेक वेळा चालतं, पण सांगा.

आपल्या किनाऱ्यावर एक खास गोष्ट: होडीच्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडर किंवा वेल्डिंग करणारे, तुमच्या डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल, वीस वर्षांपूर्वी का असेना, तर आधी डोळ्यांचा एक्सरे करावा लागतो. चुंबकाने तो कण हलला तर डोळा जाऊ शकतो. मालवणात, वेंगुर्ल्यात असं काम केलेली खूप माणसं आहेत आणि कुणाला आपणहून आठवत नाही, म्हणून मी प्रत्येकाला विचारतो.

ज्यांना कमी ऐकू येतं त्यांचं कानाचं यंत्र बाहेर ठेवावं लागतं, मग आतून माझं बोलणं कळत नाही आणि ती माणसं घाबरतात. त्यांना मी आधीच कागदावर लिहून दाखवतो किती आवाज होईल, किती वेळ लागेल, आणि हातात रबरी फुगा देतो, दाबला की मी येणार. ज्यांचा डोळा मिटत नाही त्यांना डोळ्यात टाकायचं मलम लावून या, आतला वारा डोळा कोरडा करतो.

औषध काय? बरं होतं का?

पेनिसिलीन. १९४३ मध्ये महोनी नावाच्या अमेरिकन डॉक्टरने सिफिलीसवर ते पहिल्यांदा वापरून दाखवलं आणि आजही तेच पहिलं औषध आहे. पण डोक्यातल्या आजाराला कुल्ल्यावरचं एक लांब टिकणारं इंजेक्शन पुरत नाही, ते मेंदूच्या पाण्यात पुरेसं पोचत नाही. इथे शिरेतून दर ४ तासांनी किंवा सतत, दिवसाला १८० ते २४० लाख युनिट, १० ते १४ दिवस, म्हणजे ॲडमिट व्हावं लागतं. ॲलर्जी असेल तर डॉक्टर सेफ्ट्रायॅक्सोन नावाचं दुसरं अँटिबायोटिक किंवा हळूहळू पेनिसिलीनची सवय लावणं हे पर्याय बघतात, गरोदर बाईला मात्र पेनिसिलीनच. पहिल्या २४ तासांत ताप, थंडी, अंगदुखी येऊ शकते, जंतू मरतात त्याची ती प्रतिक्रिया, औषध बंद करून घरी पळून यायचं नाही.

चेहरा, डोळ्याची हालचाल हे लवकर धरलं तर बरंच सुधारतं. ऐकणं आणि नजर यांचं सांगता येत नाही, जेवढा उशीर तेवढं नुकसान कायमचं.

नुसत्या स्टिरॉइडने फरक पडला, मग पुढे कशाला तपासायचं?

स्टिरॉइडने सूज कुठलीही असो, उतरते. सिफिलीसमधलं ऐकणंही त्याने थोडं सुधारू शकतं आणि मग सगळे निवांत होतात, जंतू मात्र तिथेच असतो. शिवाय लिंफोमासारखी गाठ स्टिरॉइडने फोटोतून गायबच होऊ शकते. म्हणून स्टिरॉइड चालू असेल तर कधीपासून, किती, हे स्कॅनच्या आधी आम्हाला सांगा.

नंतर पुन्हा एमआरआय करायचा का?

प्रत्येकाला लागत नाही. पाठपुरावा मुख्यतः लक्षणांवर आणि रक्तातल्या व्हीडीआरएलच्या आकड्यावर होतो, तो आकडा उतरला पाहिजे. गाठ होती, स्ट्रोक होता, किंवा निदानाबद्दल शंका आहे तर काही महिन्यांनी पुन्हा फोटो काढतात, तेव्हा जुनी सीडी घेऊन या, तुलना करायला तीच लागते. आणि टीपीएचए बरं झाल्यावरही बहुतेकांची आयुष्यभर पॉझिटिव्हच राहते, ते बघून पुन्हा घाबरायचं नाही.

घरात कळलं तर? बायकोला सांगायचं का?

हा प्रश्न मला चेंजिंग रूममध्ये विचारतात, कधी मुंबईहून गणपतीला आलेला मुलगा, कधी महिनामहिना ट्रॉलरवर असणारा माणूस, आणि एकदा एक ताई, जिला नवऱ्याकडून झालं होतं आणि तरी मान तिनेच खाली घातली होती. मी काय सांगतो ते लिहितो. जोडीदाराची तपासणी झालीच पाहिजे, नाहीतर तिला त्रास होईल, मूल राहिलं तर बाळाला होऊ शकतो, आणि जन्मतः सिफिलीस झालेल्या मुलांचा पुढे कान जाऊ शकतो, तीच आठवी नस. गरोदरपणात सरकारी दवाखान्यात ही तपासणी करतात, ती चुकवू नका. एचआयव्हीची तपासणीही बरोबर करून घ्या, दोन्ही आजार बरेचदा सोबत असतात.

कसं सांगायचं याचं दडपण असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे अशा आजारांच्या सरकारी दवाखान्यात, समुपदेशक असतात, ते दोघांना बसवून बोलतात. १०९७ हा सरकारी एड्स हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे, नाव न सांगता मराठीत बोलता येतं. आमच्याकडून कुणाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या हातात जात नाही, गावातला कुणी ओळखीचा म्हणून आला तरी नाही. पाकिटावर आजाराचं नाव लिहायचं नाही हे मी नवीन मुलांना पहिल्याच दिवशी शिकवतो.

देवाला कौल लावलाय, पुढच्या सोमवारी येतो, चालेल?

कौल लावा, गाऱ्हाणं घाला, माझी आईही घालते. फक्त रक्त आजच देऊन जा. लॅब चार वाजेपर्यंत उघडी असते.